सरकी खाल्लेलं तूप

कार्बन डायसल्फाइडला कुजलेल्या मुळ्याचा वास येतो. शहाणी माणसं त्या बाटलीचं बूच नाक बाजूला करून काढतात. मी आठ वर्षांनी ती बाटली हातात घेतली, बूच उपटलं, नाक पुढे केलं, आणि मला इतकं हसू सुटलं की खोली झाडत असलेला कवडू शिपाई खराटा घेऊन बाहेर जाऊन उभा राहिला.

"बाई, काही झालं का तुमाले?" त्यानं बाहेरूनच विचारलं.

"काही नाही हो. माहेर आठवलं."

"माहेरी असा वास येते?"

त्याला काय सांगणार? लेक माहेरी आली की आधी फडताळं उघडून पाहते, तशी मी त्या सकाळी सगळी कपाटं उघडून पाहिली. परीक्षानळ्या! स्पिरिटचा दिवा! जाड काचेच्या बाटलीत धुरकटणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड! मी दोन पोरींची आई, वय तिशीच्या पुढे, पण तिथे जोडीला कोणी मैत्रीण असती तर मी फुगडी घातली असती.

आता माझी ओळख सांगते. मी अनुसया भोयर. नागपूरला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, सरकारी प्रयोगशाळेत दूध, तूप, तेल तपासायची नोकरी केली, आणि सत्तेचाळीस साली लग्न होऊन आर्वीला आले. देश सुटला आणि मी अडकले, असं मी रागात म्हणते. राग मला तसा रोजच येतो. पण खोटं कशाला बोलू, घर वाईट नव्हतं. आमचे हे, चंद्रभान, कापसाच्या जिनात फोरमन. स्वभावानं लोणी. आणि सासूबाई मनकर्णाबाई म्हणजे ते लोणी जिच्यात कढतं ती कढई. गोठ्यात मोगरी नावाची पांढरीशुभ्र गवळाऊ गाय होती आणि तिचा मान घरात माझ्यापेक्षा वरचा होता. याबद्दल माझी तक्रार नाही, मोगरी दूध द्यायची.

पंचावन्नच्या दिवाळीनंतर तालुक्यातल्या गवळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून एक तूप संघ काढला. आमच्याकडचं तूप आधीपासून नावाजलेलं. पण बाजारात वनस्पती तूप आलं, पाठोपाठ सरकीचं धुतलेलं तेल आलं, आणि नागपूरचे व्यापारी प्रत्येक डब्याकडे चोराकडे पाहावं तसे पाहू लागले. संघानं ठरवलं की तूप आपणच तपासायचं, शिक्का मारायचा आणि मगच डबा पाठवायचा. खोली घेतली, बाटल्या आणल्या, पण तपासणारा मिळेना. नागपूरहून दोन पदवीधर निघाले होते. पुलगावला मोठ्या गाडीतून उतरून आर्वीच्या लहान गाडीत बसले. त्या गाडीची चाल पाहून एक तर मधल्याच स्टेशनावर उतरला आणि पायी परत गेला, असं म्हणतात.

तेव्हा यांनी जिनात बोलता बोलता सांगून टाकलं, "आमच्या घरी हाये ना केमिस्ट. आठ वरसापासून भाकरीवर प्रयोग करून राह्यली."

संघाचे सेक्रेटरी भैयाजी. सज्जन माणूस, पण जन्मात कधी "हो" म्हणाला नाही आणि "नाही"ही म्हणाला नाही. प्रत्येक गोष्टीवर त्यांचं एकच उत्तर असे: "पाहू." त्यांच्या लग्नात मंगलाष्टकं झाल्यावर अंतरपाट धरणाऱ्याला ते "पाहू" म्हणाले होते, असं गावात सांगत. मला त्यांनी नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "बाई, आठ वरसं सैपाक केल्यावर कालेजातलं राह्यते का डोक्यात?"

"राहतं," मी म्हणाले.

"पाहू. एक महिना पाहू. महिन्यानं नागपूरचे मोठे केमिस्ट दुबेसाहेब तपासाले येऊन राह्यले. त्याईनं बरं म्हनलं त ठेवू. नाई त खोली बंद करू अन् तूप नागपूरलेच तपासाले पाठवत जाऊ."

म्हणजे एक महिना. त्या रात्री मला झोप आली नाही. इतकी वर्षं मी स्वतःशी म्हणत आले होते की माझं शिक्षण ट्रंकेत घडी करून ठेवलंय, काढलं की जसंच्या तसं अंगावर बसेल. आता ते काढायची वेळ आली, आणि कसर लागली असेल तर?

सासूबाईंशी लढाई होणार म्हणून मी पदर खोचून तयार होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं बसाले खुर्ची हाये का?"

"आहे, आत्याबाई."

"मंग जाय. खुर्चीवरचं काम हाये त जाय."

आणि त्यांनी लगेच दुसरं ठरवून टाकलं. "पह्यलं तूप आपल्या घरचं गेलं पायजे. लोकं म्हनले पायजे, भोयराची सून हुशार अन् भोयराची गाय बी हुशार." आठवडाभर त्या मोगरीच्या सेवेत होत्या. टोपली टोपली सरकी भिजवून तिच्यापुढे ठेवत. सरकीनं दुधाला स्निग्धता येते, तूप रवाळ होतं, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही जाणतं. कढलेलं तूप त्यांनी पितळी गडव्यात भरलं, वर स्वच्छ फडकं बांधलं आणि देवाला नेतात तसं माझ्या हातात दिलं.

तपासण्या दोन होत्या. पहिली तिळाच्या तेलाची. वनस्पती तुपात थोडं तिळाचं तेल घालायचंच, असा सरकारचा नियम आहे. म्हणजे चोराच्या गळ्यात आधीच घंटा बांधून ठेवलेली. संशयाच्या तुपात ॲसिड आणि एक औषध घालून नळी हलवली की घंटा वाजते, म्हणजे ॲसिडचा थर गुलाबी होतो. दुसरी परीक्षा सरकीच्या तेलाची. त्यात माझा लाडका कुजका मुळा घालायचा, थोडं गंधक घालायचं, आणि उकळत्या मिठाच्या पाण्यात नळी तासभर ठेवायची. सरकीचं तेल असेल तर नळी लाल होते. मिठाच्या पाण्याचं भांडं यांनी जिनातल्या जुन्या डब्याला चार पाय लावून मला करून दिलं होतं.

पहिली परीक्षा झाली. गुलाबी काही नाही. माझे हात सगळं आपसूक करत होते, थेंब मोजत होते, नळी हलवत होते, आणि मी गाणं गुणगुणत होते. मला काही म्हणजे काही विसरायला झालं नव्हतं! दुसरी नळी पाण्यात सोडली. तासानं उचलली.

कुंकू कालवावं तशी लाल.

मी पुन्हा केलं. पुन्हा लाल. खुर्ची होती ते बरं झालं.

घरी आले तर सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, शेजारच्या दोघीचौघींना घेऊन. निकाल ऐकायला.

"झालं का पास?" त्यांनी विचारलं.

"आत चला, सांगते."

"आत काऊन? इथंच सांग."

"त्यात सरकीचं तेल निघालं."

"कोनाच्या तुपात?"

"आपल्या."

"आपल्या म्हंजे कोनाच्या?"

"तुमच्या."

शेजारणींनी तोंडाला पदर लावले. मग सासूबाई उठल्या. आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "तुह्या नळीले डोये आले असतीन. म्हनून लाल दिसून राह्यली." आणि आत निघून गेल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी मोगरीमार्फत बोलत. "मोगरे, सांग तिले, पानी भरून ठेव म्हना."

सासूबाईंनी तेल घातलं असेल, हे माझ्या मनाला पटेना. पण नळी खोटं कशाला बोलेल? मग गावोगावचं तूप येऊ लागलं. गवळ्यांचं, पाटलांचं, मजुरी करून एक म्हैस सांभाळणाऱ्या बायांचं. मी मन लावून तपासायची आणि एकेक नळी लाल व्हायची. सगळ्यांचं लाल! अपवादाला एकही नाही. रोहण्याची धुरपताबाई सगळ्यांत भडकली. उन्हातान्हात डोक्यावर गडवा घेऊन पायी आली होती.

"माह्या तुपात तेल?" ती टेबलावर हात आपटून म्हणाली. "माह्या घरी दिव्यात घालाले तेल नाई वो बाई, तुपात कोठून घालू?"

कवडूसुद्धा माझ्याकडे संशयानं पाहू लागला.

भैयाजींनी संघाची बैठक बोलावली. उभे राहून म्हणाले, "दोनच गोष्टी होऊ शकतात. एक त सारा तालुका चोर हाये, नाई त बाईचं चुकून राह्यलं." बैठकीला आलेल्या प्रत्येकाचं तूप लाल झालं होतं. त्यांनी दोन्हींतलं कोणतं निवडलं, हे सांगायला नको. कोणीतरी मागून बोललंही, "आठ वरसं, भाऊ! लोखंड बी गंजते."

मला असा राग आला की घरी जाऊन सगळी भांडी राखेनं घासली, घासलेली पुन्हा घासली. राग आला की मी घासते. आणि घासून झाल्यावर रडले, कारण मलाही तेच वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मोगरीसाठी सरकी भिजवायची पाळी माझी होती. सासूबाईंनी मोगरीला सांगितलं, मोगरीनं मला सांगितलं. टोपलीत पाणी ओतलं, सरकी हातानं खालीवर केली, आणि हात बाहेर काढले तर बोटं तुकतुकीत. तेलकट. आठ वर्षं रोज व्हायची तशीच.

मी हाताकडे पाहिलं. मोगरीकडे पाहिलं. मोगरीनं टोपलीकडे पाहिलं.

"अगं बया," मी ओरडले, "तूच घातलंस!"

तेल तुपात कोणी मिसळलंच नव्हतं! गाय सरकी खाते, सरकीतलं काहीतरी दुधात उतरतं, दुधातून तुपात, आणि नळी बिचारी खरं तेच सांगते. चूक तिची नव्हती, चूक माझी होती, मी विचारलं होतं "सरकी आहे का," आणि ती म्हणत होती "आहे." तुपानं सरकीचं तेल प्यायलं नव्हतं, सरकी खाल्ली होती! आणि कापसाच्या मुलखात सरकी न खाणारं जनावर आणणार कुठून? मी तिथे शेणातच दोन गिरक्या घेतल्या. हे जिनातून येत होते, दारातच थबकले. मी त्यांच्या सदऱ्याला तेलकट हात पुसत सगळं सांगितलं. त्यांना निम्मं कळलं आणि पूर्ण आनंद झाला. नवरा असावा तर असा.

आता सिद्ध करायचं होतं. सोपं होतं. मोगरीची सरकी बंद करायची, पंधरवड्यानं तूप करायचं आणि तपासायचं. ते लाल झालं नाही की जिंकलो. सासूबाईंना मी हात जोडून समजावलं. त्यांनी अबोला सोडला, पण भांडायला.

"मुक्या जनावराची सरकी तोडतं? तिनं तुहं काय बिघडवलं?"

"पंधराच दिवस, आत्याबाई. कडबा, हिरवा चारा, जवसाची पेंड, हवं ते द्या. फक्त सरकी नको."

"बरं," त्या म्हणाल्या. मला त्या "बरं"चा आनंद इतका झाला की ते फार लवकर आलं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

पंधरवडा मी तरंगत होते. भाकरी थापताना हसत होते, पोरींच्या वेण्या घालताना हसत होते. थोरली म्हणाली, "आई, तू सरकी खाल्ली का?" शेवटी तूप कढलं. खोलीत नेलं, नळीत घातलं, पाण्यात सोडलं, आणि तास संपायच्या आधीच डोकावले.

लाल. पहिल्याइतकंच लाल, तसूभरही कमी नाही.

मग मात्र माझं उसनं अवसान सरलं. मी दिवा विझवला, बाटल्यांची बुचं घट्ट बसवली, कवडूला किल्ली दिली आणि भरदुपारी घरी आले. तपासणीच्या वेळी घालायला जुन्या धोतराचा शिवलेला पांढरा अंगरखा काढून खुंटीला टांगला. सासूबाई जात्याजवळ डाळ पाखडत होत्या.

"आज लवकर आली?"

"उद्यापासून जाणारच नाही. लोक म्हणतात ते खरंय. गेलं सगळं. आठ वर्षांत डोकं सडलं माझं. मला वाटलं होतं तसं काही नाहीच. सरकी बंद केली तरी तूप लालच आहे. मला काही येत नाही, आत्याबाई."

एवढं बोलून मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि पोरीसारखी हुंदके देऊन रडले. इतक्या वर्षांत मी त्यांच्यापुढे रागावले होते, भांडले होते, पण रडले कधीच नव्हते. सूप त्यांच्या हातात तसंच राहिलं.

"सरकी बंद नव्हती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मी देऊन राह्यलती. पहाटं. तू उठ्याच्या आंधी."

"किती?"

"थोडीशीच."

"थोडीशी म्हणजे किती, आत्याबाई?"

"टोपलंभर," त्या सुपाकडे पाहत म्हणाल्या. मग एकदम उसळल्या, "थे हंबरे ना! माह्याकडं पाहून हंबरे! अन् मले वाटलं, तूप फुसकं झालं त लोकं तुलेच हासतीन. म्हनून जास्तीच दिली!"

मी ओल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहत राहिले. मला राग यायला हवा होता. घरातलं सगळं पितळ घासून काढण्याइतका यायला हवा होता. त्याऐवजी पोटातून हसू वर आलं आणि आवरेना. मी त्यांना मिठी मारली. सुपातली डाळ घरभर झाली.

"आत्याबाई! तुम्ही सरकी दिली म्हणून लाल झालं! म्हणजे माझं बरोबर आहे!"

"मंग रडून काऊन राह्यली?" त्या मिठीतून सुटायची खटपट करत म्हणाल्या. "अन् डोकं सडलं, डोकं सडलं काय लावलं? लोनचं बरनीत ठेवलं त सडते का मुरते? सडाले हवा लागते. तुले त मी हवा बी लागू देली नाई."

हा विनोद होता की कबुली, हे मी विचारलं नाही. दोन्ही असावं.

दुबेसाहेबांचं येणं लांबलं होतं, तरी आता पंधरवडाच उरला होता. या वेळी राखणीला खुद्द सासूबाई बसल्या. चोरालाच चौकीदार केलं की चौकी कशी चालते, ते मी तेव्हा पाहिलं. कापसाचे दिवस, गावभर गाड्या, रस्त्यात सरकी सांडलेली. मोगरीला बाहेर काढायची सोय नव्हती. सासूबाई गोठ्याच्या दारात काठी घेऊन बसत. शेजारीण प्रेमानं ओंजळभर सरकी घेऊन आली, तिला त्यांनी उंबरठ्यावरूनच परतवलं. मोगरी हंबरली की त्या पाठ करून बसत आणि म्हणत, "मोगरे, माह्याकडं पाहू नको. सुनेची नवकरी हाये." मोगरीनं दूध कमी केलं. लोणी जमता जमेना. शेवटचं ताक घुसळून तूप कढलं ते दुबेसाहेब यायच्या दिवशी सकाळी. आधी तपासून पाहायला वेळच नव्हता. जे व्हायचं ते चारचौघांत होणार होतं.

खोली माणसांनी भरली. संघाचे सगळे सभासद, दारात बाया, खिडकीत आणखी माणसं. दुबेसाहेब जबलपूरकडचे, गोल चष्म्याचे, जाडजूड, लहान गाडीनं हाडं खिळखिळी झालेले. भैयाजींनी त्यांना पाणी दिलं. मी दोन गडवे पुढे ठेवले. एकच गाय, एकच घर. एक तूप सरकी खाऊन केलेलं, एक सरकीविना. काय सिद्ध करायचंय ते सांगितलं. दुबेसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "कीजिए."

मी कुजक्या मुळ्याचं बूच काढलं. भैयाजींनी नाकाला उपरणं लावलं, अर्धी बैठक खिडकीकडे सरकली. सासूबाई पहिल्या रांगेत ताठ बसून होत्या, नाकाला पदर नाही की काही नाही. सुनेचा वास होता ना.

दोन्ही नळ्या उकळत्या पाण्यात गेल्या. एक तास! लग्नाचा मुहूर्त बरा, त्यात निदान वाजंत्री असते. थोड्या वेळानं पहिल्या नळीत गुलाबी झाक आली, मग ती गडद झाली, मग लाल. दुसरीकडे मी पाहतच नव्हते. मी सासूबाईंच्या तोंडाकडे पाहत होते, आणि ते तोंड हळूहळू उघडत चाललं होतं.

"नाई झालं!" त्या ओरडल्या. "नाई झालं लाल! पाहा ना! पिवयंच हाये!"

दुसरी नळी पिवळीच होती. वेळ संपला, दुबेसाहेबांनी ती उचलून उजेडात धरली, तरी पिवळी. खोलीत असा कल्ला झाला की कवडू बाहेर धावत सुटला आणि साऱ्या बाजाराला सांगून आला. मी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या प्रयोगाला स्वतः टाळ्या वाजवू नयेत, हे मला माहीत आहे.

दुबेसाहेबांनी चष्मा पुसला. "बहुत अच्छे," ते म्हणाले. "लेकिन बाईजी, ये बात पुरानी है. किताबों में लिखी है. गायीला सरकी खिलवली तर तुपात ही लाली येते, चाळीसएक वर्षांपूर्वीच लोकांनी पाहिलं आहे."

म्हणजे माझा शोध माझ्या जन्माआधीच लागलेला होता! मी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मग मला जे हसू आलं ते काही केल्या थांबेना. महिनाभर मी काय काय स्वप्नं पाहिली होती!

"म्हंजे," भैयाजी सावधपणे म्हणाले, "बाईनं नवीन असं काही नाई केलं?"

"भैयाजी," दुबेसाहेब म्हणाले, "माझ्या हाताखालच्या सगळ्यांनी ते किताब वाचलंय. तरी इथं येऊन एकेक नळी लाल पाहिली असती, तर सगळ्या तालुक्याला चोर ठरवून ते संध्याकाळच्या गाडीनं परत आले असते. या बाईंच्या हाताशी किताब नव्हतं. यांनी गायीला विचारलं."

सगळे भैयाजींकडे पाहू लागले. भैयाजींनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "मंग... असं करू. आनखी एक महिना पाहू."

माझं हसू तिथल्या तिथे थांबलं.

"भैयाजी," मी म्हणाले, "आता पाहायचं नाही. महिन्याच्या वर तुम्ही पाहिलं, गावानं पाहिलं, गाईनं पाहिलं. सरकीची परीक्षा इथे चालणार नाही, तिळाची चालते, आणि ती करणारी तालुक्यात मी एकटी आहे. ठेवायचं तर आज ठेवा. नाहीतर मी घरी जाते, माझी गाय पंधरा दिवस उपाशी आहे."

"उपाशी नाई," सासूबाई मागून म्हणाल्या. "जवसाची ढेप खाते."

"नागपूरला माझ्याकडे एक जागा रिकामी आहे," दुबेसाहेब छताकडे पाहत पुटपुटले.

नागपूरचं नाव निघताच भैयाजींना घाम फुटला. मी गेले तर दुसरा कोण त्या लहान गाडीत बसणार होता? त्यांनी एकदा सभासदांकडे पाहिलं, एकदा दुबेसाहेबांकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघालं, "हो." ते म्हणून झाल्यावर त्यांना स्वतःलाच इतकं नवल वाटलं की ते पुन्हा म्हणाले, "हो, हो. ठेवलं."

ठेवलं! मी कपाटाला धरून उभी राहिले. नोकरी मिळाली याचा आनंद होताच, पण त्याहून मोठा एक आनंद होता. माझं डोकं माझंच होतं. मधल्या आठ वर्षांत ते कोणी नेलं नव्हतं. हे मला आता कोणाला विचारावं लागणार नव्हतं.

गर्दी पांगली, दुबेसाहेबांना चहाला नेलं, आणि दारात एक बाई तशीच उभी राहिली. रोहण्याची धुरपताबाई. डोक्यावर गडवा.

"माह्यं तूप तेवढं राह्यलं," ती म्हणाली. "मले साऱ्या गावात चोट्टी म्हनून राह्यले वो. तपास. माह्या डोयासमोर तपास."

मी तिला खुर्चीवर बसवलं. ती बसायला तयार नव्हती, मी बळेच बसवलं. नळीत तूप घेतलं, ॲसिड घातलं, औषध घातलं, हलवलं. ती श्वास रोखून पाहत होती आणि मीही. थर खाली बसला. गुलाबी नाही, काही नाही, स्वच्छ.

"शुद्ध आहे," मी म्हणाले. "पहिल्या दिवशीही शुद्धच होतं, धुरपताबाई. तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं."

"थे जाऊ दे. शिक्का मार."

तो संघाचा पहिला शिक्का. मी तो शाईत बुडवला आणि तिच्या गडव्याला बांधलेल्या चिठ्ठीवर दाबला. धुरपताबाईला वाचता येत नव्हतं. तिनं चिठ्ठीवर बोट ठेवून विचारलं, "इथं खाली जागा काऊन सोडली?"

"तपासणाऱ्याची सही असते तिथे."

"मंग कर ना."

मी टाक उचलला आणि हात थांबला. लग्नानंतर मला कशावरच सही करावी लागली नव्हती. रेशनकार्ड यांच्या नावाचं, घर सासूबाईंच्या नावाचं, पोरींच्या शाळेत बापाची सही. माझी सही कशी होती, तेच मला आठवेना. 'अ'ला गाठ मारत होते की नाही? खाली रेघ ओढत होते की दोन टिंबं देत होते? सगळी रसायनं आठवली, गंधक आठवलं, मीठ आठवलं, आणि स्वतःचं नाव कसं लिहायचं तेवढं राहून गेलं होतं. मला पुन्हा हसू फुटलं, त्यात थोडं रडूही होतं.

"हासून काय राह्यली?" धुरपताबाई करवादली. "उन्हं कलून राह्यले. मले रोहण्याले जाचं हाये."

मी हसू आवरायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही, आणि मग हसत हसतच एक नवी सही केली.